आईने सोडलेली मालिका

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आईने यंदा मटणाऐवजी मालिका सोडली. प्रभू कधीही येईल, तेव्हा आपलं मन टीव्हीत अडकलेलं नको, म्हणून तिने टीव्हीवर चादरच टाकली. सिकंदराबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढी शांतता कधीच नव्हती. फक्त रोज मालिका संपली की वरच्या मजल्यावरच्या आंटी खाली येत आणि अख्खा भाग तेलुगू-हिंदीत, हावभावांसकट सांगून जात. मी टोकलं, तर आई म्हणाली, "मी बघत नाही. ऐकायला कुठे बंदी आहे?"

एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत आजारी माणसं झाली, परीक्षेला बसलेली मुलं झाली, आणि आई पुढे म्हणाली, "प्रभो, त्या धाकट्या सुनेला सासूचा डाव कळू दे."

"आई, ती मालिकेतली आहे," मी म्हणालो.

आईने डोळे न उघडताच सुनावलं, "आणि तू मांडीवर मोबाइल घेऊन बसलायस. येशू येण्याआधी तुला मेसेज टाकणार आहे का?"

मी मुकाट्याने मोबाइल पालथा ठेवला. तेवढ्यात, मालिका संपायच्या वेळेलाच, बेल वाजली. आमेन अजून व्हायचं होतं, पण आई दाराशी पोचलीसुद्धा.