मूर्तीच्या तळाचा नंबर

सुदानच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी दोन वर्षं एसीची देखभाल केली. नूबियाच्या प्राचीन राजांच्या थडग्यांतून निघालेल्या वस्तू तिथं जपलेल्या होत्या. कोठाराची हवा कोरडी ठेवणं माझं काम. तिथला म्हातारा पहारेकरी त्याच नूबिया भागातला, नूबी होता. मी त्याला चाचा म्हणायचो. त्याचं गाव धरणात बुडालेलं. पाणी चढायच्या आधी खणून जे वाचवलं, ते इथं आणलेलं. "मेरा गाँव इधर है," कपाटांकडे बोट दाखवून तो सिनेमातून उचललेल्या हिंदीत सांगायचा.

एक दिवस वीतभर उंचीची दगडी मूर्ती गायब झाली. मेलेल्या राजाची चाकरी करायला अशा मूर्ती थडग्यात ठेवत. आमचा सुपरवायझर दौंडचा, मी वडगाव रासाईचा. त्याला मी आपला माणूस मानायचो. चौकशीत तोच म्हणाला, "आत एकटा हाच व्हता." माझी बॅग उपसली. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणीसुद्धा कागदावर ओतून बघितली. काही सापडलं नाही, तरी ठेकेदारानं मला घरी धाडलं.

माझ्याआधी बातमी गावात पोचली होती. ठरलेलं लग्न मोडलं. पारावर गेलो की बोलणं थांबायचं. मग शिरूरला एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. रोज शटर वर करताना त्या सुपरवायझरला मनातल्या मनात शिव्या घालायचो. पुढं तिकडं युद्ध पेटलं, संग्रहालय लुटलं गेलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच: आता ती मूर्ती सापडत नाही, चोर मीच राहणार.

गेल्या वर्षी दौंडला एका नव्या बंगल्यात एसी बसवायला गेलो. घरातल्या बाई चहा ठेवायला आत गेल्या. मी हॉलमध्ये शिडी लावली, तर समोर शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या शेजारी, ती मूर्ती. काच सरकवली, मूर्ती घाईनं उलटी केली. तळाला संग्रहालयाचा काळ्या शाईतला नंबर. खरवडलेला, पण वाचता येत होता. चार फोटो काढले.

तेवढ्यात आतल्या दारात तोच सुपरवायझर उभा. मला ओळखून त्याचा चेहरा पडला.

"जुनं कशाला उकरतो? आपन एकाच भागातली मानसं."

"व्हय साहेब. म्हनून तर पोलीसबी हितलेच बोलवतो."

"पोरीचं लग्न ठरलंय रे."

"माझंबी ठरलं व्हतं," म्हणालो आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून फोन लावला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर होती. "काय केलं ह्यांनी?" शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं. तिकडच्या अधिकाऱ्यांच्या यादीत नंबर जुळला. सुपरवायझर आता जामिनावर आहे. पोरीचं लग्न मोडल्याचं कळलं, त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

"पोरीनं काय केलं व्हतं रे?" आई म्हणाली. तिनं जिलेबीला हात लावला नाही. मी खात राहिलो.

चाचा युद्धातून निसटून दुसऱ्या देशात राहतोय. त्याला सगळं कळवलं, फोटोही पाठवले. त्याचं उत्तर आलं, "टूटा तो नहीं?"

मी फोटो पुन्हा बघितले. चारही नंबरचेच. मग ठाण्यात जाऊन हवालदाराला विनंती करून मूर्ती बघितली. कानाजवळ ताजा टवका उडालाय. चाचाला अजून सांगितलेलं नाही. तो टवका सुपरवायझरनंच उडवला, असं मी धरून चाललोय.