चाचांच्या पट्ट्या

सत्काराचं भाषण मला खो-खोपेक्षा लवकर जमलं. खांद्यावर शाल पडली की आवाज जरा खाली आणायचा, थोडं थांबायचं आणि आपण किती हालात खेळलो ते सांगायचं. हाल जितके जास्त तितक्या टाळ्या जास्त. राज्याच्या संघात खेळून खेळाडूंच्या कोट्यातून अकोल्यात नोकरी लागल्यापासून मी अशी भाषणं बरीच ठोकली. त्यातले थोडे हाल खरे होते, बाकीचे दर भाषणाला वाढत गेले.

गेल्या वर्षी दर्यापूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेला मी सामान दिलं. खो-खो खेळणाऱ्या सगळ्या पोरींना बूट आणि नी-कॅप. गावानं मंडप घातला, लाउडस्पीकर लावला. माझी पाळी आली तेव्हा मी माइकसमोर उभी राहून म्हणाले, "आमच्या वेळी गुडघ्याला बांधायला कुणी साधी चिंधीसुद्धा दिली नाही. रक्ताळलेल्या गुडघ्यांनी खेळले मी." टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

शेवटच्या रांगेत चाचा बसले होते.

चाचा म्हणजे आमच्या गावचे शिंपी. नात्याचे नाहीत, अख्खं गावच त्यांना चाचा म्हणतं. मी सहावीत असताना सूर मारताना माझा गुडघा असा सोलवटला की आईनं खेळ बंद म्हणून सांगितलं. आमची काळी जमीन, उन्हाळ्यात दगडासारखी होते. ही गोष्ट चाचांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी ते चाचींना घेऊन मैदानावर हजर. चाचींनी आम्हा पोरींच्या गुडघ्यांची मापं घेतली, चाचांनी तिकडे पाठ करून ती वहीत उतरवली. मग जुन्या गादीचा कापूस, उरलेलं जाड कापड आणि रुंद इलास्टिक यांच्या पट्ट्या शिवून दिल्या. त्या बघूनच आईनं मला पुन्हा मैदानावर सोडलं. पोरी वाढतात म्हणून दर वर्षी नवी मापं, नव्या पट्ट्या. अमरावतीला निवड चाचणी दिली तेव्हाही माझ्या गुडघ्यांवर त्याच होत्या.

भाषण करताना चाचा मला दिसलेच नव्हते, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दिसले होते. 'चिंधी' हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. वाक्य तिथेच गिळता आलं असतं. पण पुढे टाळ्या आहेत हे मला पाठ होतं, आणि मला त्या हव्या होत्या.

त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. कार्यक्रम संपल्यावर ती तशीच घेऊन ते निघून गेले. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या पोरीनं सांगितलं, "ताई, चाचा आमच्यासाठी पट्ट्या घेऊन आले होते. मंग तुमचं हे सामान पाह्यलं, तं वापस घेऊन गेले." मी समोरचा घास गिळला. ताटावरून उठून त्यांच्या घरी जायला हवं होतं. मी वरण-भात संपवला आणि दुपारच्या बसनं अकोल्याला परत आले.

पुढे महिनाभर मी फोनही केला नाही. काय बोलावं ते सुचत नाही, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे लाज वाटत होती आणि भीतीही. इतक्या वर्षांत चाचांचं मैदानाशी असलेलं नातं कधी तुटलं नव्हतं. ते माझ्या एका वाक्यानं तुटलं असेल, तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? शेवटी एका रविवारी मन घट्ट करून गेले.

चाचा मशीनवर होते. समोर ढीग पडला होता, तो माझ्याच नी-कॅपचा. मी सगळ्या एकाच मापाच्या मागवल्या होत्या, मोठ्या बायकांच्या. सहावी-सातवीतल्या पोरीचा गुडघा केवढासा असतो, याचा विचार मी, त्याच मैदानावर वाढलेल्या बाईनं, केला नव्हता.

"ये, बस," चाचा म्हणाले. "लहान्या पोरींले ढिल्या होऊन राहिल्या ह्या. पयता पयता खाली येतात. मंग मी म्हटलं, आना इकडे, मापात करून देतो."

"चाचा, त्या दिवशी मी ते…"

"भाषन मस्त झालं तुयं," ते म्हणाले. मान वर केली नाही. "तुई चाची घरूनच आयकून राहिली होती."

आत भांड्यांचा आवाज होत होता. तो थांबला. चाची बाहेर आल्या नाहीत. मी ढिगातली एक नी-कॅप उचलून बघितली.

त्या नी-कॅपवर मी माझं नाव छापून घेतलं होतं, ऐन गुडघ्याच्या वाटीवर, मोठ्या अक्षरांत. मापात आणायला तिथेच एक चूण घातली असती तर काम झटकन झालं असतं. चाचांनी मात्र प्रत्येक नी-कॅप मागून दोन्ही बाजूंनी उसवली होती आणि पुन्हा शिवली होती. त्यांनी दोरा तोडला आणि तयार झालेली एक माझ्यापुढे धरली.

"तुयं नाव कुठंच कापलं नाई मी," ते म्हणाले. "पाह्य, पुरं हाये."