नसलेल्या हळदीचा मुऱ्हाळी

लग्नघरात हळदीची गाणी सुरू झाली की माझं लक्ष नवरीकडे राहत नाही. मला एक वेगळीच बाई आठवते. जिला हळदीला म्हणून नटवून घराबाहेर काढलं, आणि ती हळद कुठेच नव्हती. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता विसरलो. ही केस मात्र डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता, आम्ही ठाणे जिल्ह्यातच मोडायचो. वसईच्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, लॉकअपमधली माणसं मोजून झाली, की ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे रोजची गर्दी जमायची. कुणाची सायकल गेलेली, कुणाचा शेजाऱ्याशी बांधावरून तंटा. त्या दिवशी त्या गर्दीत कळंबची एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आसपासची, काटक, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता.

बाईचं म्हणणं असं. तिची मधली बहीण गिरीजला दिलेली, घरची केळीची वाडी, नवरा मुंबईत नोकरीला. बरेच दिवस भेट नाही म्हणून ही बोंबील घेऊन गिरीजला गेली. फाटकातच शेजारीण भेटली आणि चकित झाली. म्हणाली, अगं तू इथं कशी? तुझ्या लेकीच्या हळदीला म्हणून ती चार दिवसांपूर्वी गेली ना, पिवळी साडी नेसून, गजरा माळून!

"सायेब, माज्याकडं हळद नाय, लगीन नाय," ती मला म्हणाली. "पोरीची अजून सोयरीक चाललीय. मग माजी बहीन गेली कुठं?"

तिनं मेहुण्याला विचारलं तर तो आधी म्हणाला, मामाकडे गेलीय. मग म्हणाला, देवाला गेलीय. दोन वेळा विचारल्यावर दोन उत्तरं मिळाली की पाणी कुठंतरी मुरतंय हे ओळखायला पोलीस असावं लागत नाही. मी मिसिंगची नोंद करायला लावली, स्टेशन डायरीत एंट्री घेतली आणि नवऱ्याला बोलवायला हवालदार पाठवला.

पण माझं लक्ष खरं तर त्या भावावर होतं. घरातलं माणूस हरवलं की लोक पोलिसाला भंडावून सोडतात. साहेब, गाडी पाठवा, साहेब, इस्पितळात बघितलं का. हा एक शब्द बोलत नव्हता. बाकावर जागा असून दाराच्या चौकटीला टेकून उभा. चहा दिला तो निवून गेला.

नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल. माणूस मारकुटा दिसत नव्हता, दारूचा वास नव्हता. मी त्याला बसवलं, आवाज चढवला नाही. आवाज चढवला की भित्रं माणूस तोंडाला कुलूप लावतं, हा माझा अनुभव. त्यानं पुन्हा तेच सांगायला सुरुवात केली. तिला लहर आली, एकटीच निघून गेली, मी कामावर होतो.

आता इकडच्या वाड्यांमधली एक रीत मला ठाऊक होती. सासुरवाशीण माहेरच्या नात्यातल्या कार्याला अशी आपली आपण उठून जात नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही, मग लग्नाला पंचवीस वर्षं का झालेली असेनात. शेजारणीनं तिला नटून जाताना पाहिलं होतं. म्हणजे न्यायला कुणीतरी आलं होतं, आणि तेही असं माणूस की ज्याच्याबद्दल तिला शंका नव्हती.

"मुऱ्हाळी कोण आलं होतं?" मी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघेना. तो दाराकडे बघू लागला. दाराशी तिचा धाकटा भाऊ उभा होता.

भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला. थोरली बहीण त्याच्याकडे बघतच राहिली. तिनं त्याला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त बोंबलांची पिशवी खाली ठेवली.

मग सगळं बाहेर आलं. बाईची झोप उडाली होती. विहिरीत कुणीतरी विष कालवलंय असं तिच्या मनानं घेतलं. दिवसभर विहिरीशी कोयता घेऊन उभी राहायची, पोरांना पाणी पिऊ द्यायची नाही. नवऱ्याच्या हातचं खाणंही तिनं सोडलं. नवऱ्यानं डॉक्टर गाठला, डॉक्टर म्हणाले भरती करा. पण तिला सांगायचं कोणी? आणि बाहेर कळलं तर भाचीची सोयरीक मोडणार, मावशी वेडी म्हणून. नवरा आणि भाऊ, दोघांनी मिळून हळदीची कल्पना काढली. भाऊ मुऱ्हाळी म्हणून जीप घेऊन गेला. ती हसत हसत जीपमध्ये बसली. महामार्गापलीकडच्या एका खासगी मनोरुग्णालयाच्या दारात जीप थांबली तेव्हा तिथल्या चौघांनी तिला धरलं.

थोरलीला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. भाऊ म्हणाला, "ही खोटं बोलली नसती, सायेब. हिनं तिला सांगून टाकलं असतं."

आम्ही त्याच दिवशी रुग्णालयात गेलो. मी, महिला शिपाई आणि थोरली बहीण. कागद चोख होते. नवऱ्याचा अर्ज होता, डॉक्टरांचे दाखले होते. अपहरणाचा गुन्हा बनत नव्हता, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. डॉक्टर म्हणाले, झालं ना समाधान, आता या. मी म्हणालो, मिसिंग दाखल आहे, हरवलेलं माणूस सापडलं की त्याचा जबाब घ्यावा लागतो. ते म्हणाले, मनोरुग्णाच्या जबाबाला काय अर्थ? मी म्हणालो, अर्थ काय तो कोर्ट बघेल, मला फक्त लिहून घ्यायचा आहे. माझ्या बोलण्यात जरा धार आली असणार, कारण त्यांनी मुकाट्यानं खोली उघडून दिली. वॉर्डच्या आयाला मी बाहेर थांबायला सांगितलं.

ती खाटेच्या कडेवर बसली होती. अंगात रुग्णालयाचा ढगळ झगा. मनगटांवर बांधलेल्या पट्ट्यांचे वळ. औषधानं जीभ जड झालेली. बहिणीला पाहून ती रडली नाही. तिनं माझ्या खाकी वर्दीकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला.

"सायेब, माजा मालक जिवंत हाय का?"

मला काही कळेना. मी म्हटलं, अहो, तो धडधाकट आहे, आत्ताच माझ्यासमोर बसला होता. तरी तिचा विश्वास बसेना. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. हात मोकळे होते. गळाही मोकळा होता.

भरतीच्या वेळी तिच्या काचेच्या बांगड्या उतरवल्या होत्या आणि मंगळसूत्र काढून घेतलं होतं. रुग्णालयाचा नियम, कुणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून. नियमात वावगं काही नाही. पण का काढतोय हे तिला कुणी सांगितलंच नाही. चार अनोळखी माणसांनी धरलं, बांगड्या उतरवल्या, गळा रिकामा केला. आमच्याकडच्या बाईला त्याचा एकच अर्थ कळतो. ते चारही दिवस ती मनात नवऱ्याचं सुतक पाळत होती. जेवत नव्हती, आणि जेवत नाही म्हणून तिला नळीनं भरवायची तयारी चालली होती.

महिला शिपायानं तोंड फिरवलं. माणसाला इतकं एकटं पडलेलं मी लॉकअपमध्येसुद्धा क्वचित पाहिलं आहे, आणि लॉकअपमधल्याला निदान अटक का केली ते तरी सांगावं लागतं.

जबाब घ्यायला बराच वेळ लागला. ती थांबत थांबत बोलली, पण एका वाक्याशी आली तेव्हा स्पष्ट बोलली. "माजं काय तरी बिघडलंय, ते मला बी कळत होतं. खरं सांगितलं असतं तर घाबरले असते, रडले असते. पन आले असते. हळदीला म्हनून कशाला आनलं?"

मी तिला सांगितलं की बाहेर पडायचं असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करता येतो, तिला स्वतःला किंवा तिच्या बहिणीला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. थोरलीनं अर्ज केला. नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्यापुढे नेऊन उभं केलं. तिनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, मग पेजेची वाटी मागितली.

कोर्टात तिनं एवढंच म्हटलं की औषध घेईन, पण घरी राहून आणि मला विचारून. डॉक्टरांनी विरोध केला नाही. चांगले होते ते मनाचे, फक्त घाईत असत. अर्ज मंजूर झाला. बाहेर भाऊ रिक्षा घेऊन उभा होता. ती त्याच्यासमोरून चालत गेली आणि बहिणीबरोबर एसटीत बसली. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं नाही, असं नंतर कानावर आलं. भाचीचं लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झालं. मुलाकडच्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

या केसमध्ये गुन्हा दाखल झाला नाही, आरोपी नव्हता. तरी ही केस मी माझ्या मोठ्या केसेसमध्ये धरतो. त्यानंतर मनोरुग्णाला नेण्यासाठी कुणी पोलीस मदत मागितली की मी आधी विचारायचो, त्याला सांगितलंय का कुठे नेताय ते? बहुतेक जण गोंधळायचे. वेड्याला काय सांगायचं, म्हणायचे. मी म्हणायचो, आधी सांगा, मग गाडी देतो. काहींना राग यायचा, येऊ दे. पण सांगितल्यावर कितीतरी जण आपल्या पायांनी गाडीत येऊन बसले, हे मी स्वतः पाहिलं.

दोनेक वर्षांनी वसईच्या बाजारात मी बंदोबस्ताला उभा होतो. एक रिक्षा थांबली, आत ती होती. शेजारी तिचा भाऊ, मांडीवर कपड्यांची पिशवी. मी विचारलं, कुठे निघालात? भाऊ पिशवी सावरू लागला. बोलली तीच.

"झोप परत उडाली, सायेब. दवाखान्यात चाललेय, चार दिवस ऱ्हाईन. मीच निरोप धाडला याला, मुऱ्हाळी म्हनून ये."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. मनगटं मोकळी होती. माझी नजर तिच्या लक्षात आली आणि ती हसली.

"मीच उतरवल्या," ती म्हणाली. "मालकाच्या हातात देऊन आले. म्हटलं, सांभाळून ठेवा, परत आल्यावर भरीन."