पूर्ण वाचा, गुरुजी

इथल्या कासलबार गावच्या हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला तेव्हा मी अप्पांसाठी मऊ भात लावत होते. "लवकर या," एवढंच ती म्हणाली. पोहोचले तोवर ते गेले होते... आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, तुझे वडील किती शांत होते! मी मान हलवते. अप्पा शांत नव्हते. त्यांना आतून काहीतरी खात होतं, आणि ते काय, हे मला त्यांच्या शेवटच्या वर्षी कळलं.

आई गेल्यावर ते आमच्याकडे आयर्लंडला आले. पुढे डायलिसिस सुरू झालं. शेजारच्या खुर्चीवर ब्रायडी असायची. ती ट्रॅव्हलर समाजातली, म्हणजे पिढ्यानपिढ्या गाडे घेऊन हिंडलेल्या इथल्याच लोकांतली. अप्पांचं मोडकंतोडकं इंग्रजी, तिचं भरभर बोलणं, तरी दोघांचं छान जमायचं. एके दिवशी ती रडतच आली. नातीच्या समारंभाचं जेवण हॉटेलने आडनावावरून समाज ओळखून रद्द केलं होतं. परतताना गाडीत अप्पा म्हणाले, "मीही असंच लिहिलंय गं..."

तरुणपणी, प्राथमिक शिक्षक असताना, त्यांनी तालुक्याची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली होती. ती शाळाशाळांत वाटली गेली. तिच्यात पारध्यांवर एक पान होतं : ही माणसं जन्मजात चोर, यांच्यापासून सावध राहावे. अप्पांच्या वर्गात पारध्यांची एकच मुलगी होती, मंदा. ते पान मोठ्याने वाचायची पाळी नेमकी तिच्यावर आली, आणि अप्पांनी तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मंदा शाळेत आली नाही.

उरलेल्या प्रतींचा गठ्ठा श्रीरामपूरच्या घरी माळ्यावर पडून होता. अप्पांनी माझ्या भावाला फोन केला, "जाळून टाक सगळं." खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. पण पुढच्या खेपेला त्यांनी ब्रायडीला सारं सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्या मुलीला विचारलंत का?"

गठ्ठा अजून जाळला नव्हता; भावाने आधी मंदाताईंना शोधून काढलं. मोठेपणी पुन्हा शिकून त्या आता पारधी मुलींचं वसतिगृह चालवत होत्या. आमच्या स्वयंपाकघरातून अप्पांनी फोन लावला, माफी मागितली. म्हणाले, "सगळ्या प्रती जाळून टाकतो, मंदा."

"जाळल्यात की तुम्ही मोकळे व्हाल, गुरुजी. आमचं काय?" मग म्हणाल्या, "ते पान आहे तुमच्याजवळ? वाचा. मुली बसल्यात इथं, त्यांना ऐकू द्या."

अप्पांनी सोबत आणलेली एकमेव प्रत बॅगेतून काढली. 'चोर' शब्दाशी ते थांबले... मी फोन घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी हातानेच मला मागे सारलं.

"पूर्ण वाचा, गुरुजी," मंदाताई म्हणाल्या.

त्यांनी पूर्ण वाचलं. मग त्या म्हणाल्या, "आता गठ्ठा इकडं पाठवा. ठेवायचं का जाळायचं, आमचं आम्ही बघू." भावाने गठ्ठा पाठवला. पण अप्पांना काही हलकं वाटलं नाही. जेवताना घास हातात धरून नुसते बसून राहायचे.

ते गेल्याचं कळवायला मी मंदाताईंना फोन केला. बोलताबोलता विचारलं, त्या प्रतींचं काय केलंत?

"मुलींनी जाळल्या. एक ठेवलीय. उद्या कुणी म्हणालं की असं कधी लिहिलंच नव्हतं, तर दाखवायला."

"जाळून बरं वाटलं त्यांना?"

"त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजारात दुकानदारानं चोर समजून त्यांनाच हटकलं. पण लिहिणाऱ्याला आपण वाचायला लावलं, हे त्या सगळ्यांना सांगतात."

"आणि इथली प्रत?"

"ती तुमची. तुमच्या मुलाला वाचून दाखवा."

माझ्या मुलाला मराठी समजतं, बोलतो मात्र इथल्या इंग्रजीत. परवा रविवारी त्याला जवळ बसवून ते पान वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि त्याने विचारलं, "आजोबांनी लिहिलंय हे?"

पुस्तिका मिटावीशी वाटली. "हो," मी म्हणाले, आणि पुढची ओळ वाचली.