चावीचा डावा डोळा

तुम्ही तुमच्या जनावराचा डॉक्टर कसा निवडलात? खरं सांगा. दवाखान्याची काच बघून ना? आत गारवा, बसायला मऊ सोफा, भिंतीवर गुबगुबीत पिल्लांचे फोटो आणि काउंटरवरची मुलगी कुत्र्याला "अले बाळा" म्हणते. झालं, डॉक्टर चांगला! भाजीची जुडी घेताना चार जुड्या उलटसुलट करून बघणारी माणसं तुम्ही. चपला घेताना दुकानभर फेऱ्या मारता. आणि ज्याच्या हातात जीव द्यायचा त्याला एक प्रश्न विचारायची वेळ आली की दातखीळ बसते.

राग आला? येऊ दे. मी सांगतेय ती गोष्ट तुमच्यापेक्षा कितीतरी हुशार माणसाची आहे, आणि त्याचीही दातखीळ बसलीच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली, कपाटाएवढ्या जागेत एक घड्याळवाले काका बसतात. चाळीस वर्षं बसताहेत. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढऱ्या कागदावर मोहरीहून बारीक स्क्रू. कुणी जोरात शिंकलं तर दिवसाचं काम उडून जाईल, म्हणून काउंटरपासून दोन हात लांब उभं राहायचं असा दंडक. दंडक आणखी दोन. पहिला, घड्याळ उघडून होईपर्यंत काकांना काही विचारायचं नाही. मध्येच "काय झालंय? किती होतील?" असं कुणी म्हटलं की काका चिमटा खाली ठेवतात आणि घड्याळ परत करतात. दुसरा दंडक त्याहून कडक. दुसऱ्या कारागिराने उघडलेलं घड्याळ ते हातात घेत नाहीत. स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा बघून त्यांना कळतं. मग एका बोटाने ते घड्याळ काचेवरून पुढे सरकवतात.

"ज्याने उघडलं त्याच्याकडे न्या. दुसऱ्याचं पाप मी गळ्यात घेत नाही."

माझ्या वडिलांचं घड्याळ त्यांनी असंच मला परत सरकवलं होतं. वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुकानाच्या वरच दोन खोल्यांत काका आणि त्यांची थोरली बहीण राहतात. ताई गाद्यांच्या खोळी शिवते, मशीन खिडकीपाशी, पायडलखाली चावी. चावी म्हणजे कुत्री. आखूड पायांची, खाकी, शेपटीला वेटोळं. नऊ वर्षांपूर्वी दुकानापुढे येऊन बसली. न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा काकांनी तिला दुरुस्तीला आलेल्या मालासारखी आत घेतली. भाऊ-बहीण एकमेकांशी दिवसात दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली आठ तिच्याविषयी.

या चावीच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली. सुपारीएवढी. ताईने परगावी राहणाऱ्या आपल्या मुलाला फोन केला. मुलगा शिकलेला. त्याने मोबाइलवर बघून सांगितलं, लस टोचायला नेता त्याच दवाखान्याला पाच तारे आहेत, आणि कर्तव्य संपवलं. माणसं आता तारे बघून दवाखाना निवडतात! ते तारे देतं कोण? सोफ्यावर बसून आलेली माणसं. कुत्र्याला कुणी विचारलंय?

दवाखान्यात डॉक्टरने चावीच्या डोळ्यात बॅटरी मारली, थेंब दिले, गोळ्या दिल्या. आठ दिवसांत सूज उतरली. काका खूश. पंधरा दिवसांनी सूज परत हजर. मग जास्त महाग थेंब. मग रक्त. मग डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र. मग "डोळ्यांना पोषक" म्हणून चकचकीत पिशवीतलं खाणं. प्रत्येक वेळी गोळ्या चालू असेपर्यंत सूज दबायची आणि गोळ्या संपल्या की वर यायची. असे चार महिने गेले. या चार महिन्यांत काकांनी त्या डॉक्टरला एकही प्रश्न विचारला नाही.

ताई विचारायची. "अरे, तिला झालंय काय ते तरी विचारलंस का?"

"कारागिराला मध्ये टोकायचं नसतं, ताई."

"तो कारागीर आहे?"

"हातात हत्यार आहे ना त्याच्या?"

बघा, असं होतं. अडाणी माणूस फसतो ते माहीत नसतं म्हणून. काका फसले ते स्वतःच्या धंद्याची इज्जत ठेवायला गेले म्हणून. स्वतःला जी वागणूक हवी, ती त्यांनी समोरच्याला दिली. समोरच्याने ती बिलात लावून घेतली.

पैसे कुठून आले, ते मला नंतर कळलं. काकांकडे वीतभर लांबीचं लेथ होतं, घड्याळाच्या चाकाचा आस घडवायचं. बाजारात सुटा भाग मिळत नाही तो काका त्यावर घडवायचे. आसपासच्या पाच वस्त्यांत तसं काम करणारा दुसरा कुणी नाही. ते लेथ विकलं. ताईला सांगितलं, गंजलं होतं.

आणि मग डॉक्टर म्हणाला, डोळ्यामागे गाठ असणार. डोळा काढून टाकावा लागेल. सोमवारी घेऊन या, निम्मे पैसे आधी भरा, इथे सही करा. काका संमतीपत्र घडी करून खिशात घालून घरी आले.

त्या संध्याकाळी ताई माझ्या दारात. मी पाण्याच्या नळापासून ते रेशनच्या मापापर्यंत सगळ्यांशी भांडते हे गल्लीला ठाऊक आहे.

"तू तोंडाळ आहेस म्हणून आले," ताई म्हणाली. "जगाशी भांडतेस, एकदा माझ्या भावाशी भांड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानापुढे उभी. दोन हात लांब नाही, काचेला पोट टेकवून.

"काका, सहीच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. नगरपालिकेचा जनावरांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंना."

"नाही घेणार ती."

"का नाही घेणार?"

"चार महिने दुसऱ्याचा हात लागलाय. सुया टोचून झाल्या, थेंब घालून झाले. कोण हात लावेल आता? मी लावला असता?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू आवरेना आणि रागही आवरेना. "अहो, ते मनगटी घड्याळ आहे का? कुत्री आहे ती!"

"धंद्याची रीत सगळीकडे सारखीच असते. एकाकडे टाकलेलं काम उचलून दुसऱ्याकडे नेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं."

"आणि त्याने डोळा काढला तर?"

काकांनी भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती भिंगाचा लाल वळ होता. "म्हणून काय मी झोपतोय का?" ते म्हणाले. आवाज असा की मी काचेवरून पोट मागे घेतलं.

जिन्यावरून ताई उतरली. एका हातात चावीचा पट्टा, दुसऱ्या हाताने चष्मा सावरत. "तू बस भिंग लावून. कुत्री माझीही आहे. मी नेते."

काकांनी स्क्रूंवर वाटी पालथी घातली, शटर ओढलं आणि मागून चालू लागले. बुधवार, सकाळी साडेदहा. गल्लीतली माणसं दारात आली. त्यांना वाटलं कुणी गेलं.

आधी कागद घ्यायला काचेच्या दवाखान्यात. मी म्हटलं, आजवरच्या तपासण्यांचे कागद द्या. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "फाइल बाहेर देत नाही, मॅडम. पॉलिसी आहे."

"रक्त कुणाचं काढलं? कुत्रीचं. पैसे कुणी भरले? काकांनी. मग कागद तुझ्या पॉलिसीचे कसे झाले ग?"

सोफ्यावरची माणसं आपापल्या मोबाइलमध्ये शिरली. एकाने तरी म्हणावं, की बाई बरोबर बोलतेय! छे. मांडीवरच्या कुत्र्यांनीच काय ती मान वर केली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आला. माझ्याकडे बघितलंच नाही, काकांशी बोलला, अगदी समजूतदार आवाजात.

"काका, तुम्ही बाहेर दाखवणार असाल तर दाखवा. पण मग परत माझ्याकडे आणू नका. दुसऱ्याने केलेलं मी निस्तरत नाही."

काकांनी चावीला उचलून घेतलं. हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं बोटाने काचेवरून सरकवलं होतं. आज पहिल्यांदा काचेच्या या बाजूला उभं राहून ऐकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "कागद द्या."

"काका, तसं नसतं..."

"कागद द्या. घेतल्याशिवाय मी जात नाही."

आणि त्या मऊ सोफ्यावर, दोन पूडल कुत्र्यांच्या मधोमध, चावीला मांडीवर घेऊन बसले. वीस मिनिटांत कागद छापून मिळाले. पॉलिसी कुठे गेली, विचारू नका.

नगरपालिकेचा दवाखाना म्हणजे लांबलचक शेड. बाकावर माणसं, खाली शेळी, टोपलीत कोंबड्या, गाडीला जुंपायचा एक घोडा. वास असा की पाच तारेवाला भाचा दारातच कोसळला असता. डॉक्टरीणबाई काटकुळ्या, पायात गमबूट. आमचा नंबर आला तसे काका टेबलापाशी गेले आणि गुन्हा कबूल करावा तसे बोलले.

"बाई, आधीच सांगतो. दुसऱ्याचा हात लागलाय. चार महिने. तुम्हाला हात लावायचा नसेल तर तसं सांगा, मला राग नाही."

"न लागलेलं माझ्याकडे येतं कधी?" बाईंनी कागद चाळले. "सगळीकडे फिरून झालं की माझी आठवण होते लोकांना. तोंड उघडा."

काकांनी तोंड उघडलं.

"तुमचं नाही हो, तिचं!"

शेळीवाला खो खो हसला. ताईने चावीचं डोकं धरलं. बाईंनी डावीकडचा वरचा ओठ बोटाने उचलला, आत वाकून बघितलं आणि मागच्या मोठ्या दाढेवर चिमट्याच्या टोकाने टकटक केलं. चार महिन्यांत हूं की चूं न केलेली चावी अशी किंचाळली की घोडा बिचकला.

"दाढ उभी चिरलीय," बाई म्हणाल्या. "हिची मुळं बरोबर डोळ्याखाली असतात. मुळाशी पू होतो आणि सूज इथे वर दिसते. गोळ्यांनी पू दबतो, दाढ तशीच राहते. डोळा ठणठणीत आहे."

ताईने पदराने चावीचा डावा डोळा पुसला.

"कडक काय चघळते ही?"

काकांनी आठवून सांगितलं. शिंगाचा तुकडा. दात साफ राहतात म्हणून गेल्या वर्षी घेतलेला. कुठून? लसीसाठी त्याच काचेच्या दवाखान्यात गेले होते, तिथल्याच काउंटरवरून!

माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला. आत्ता जाते, म्हटलं, आणि ते शिंग त्या डॉक्टरच्या...

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "शिंगानेच चिरली हे तुम्ही सिद्ध कसं करणार? दगडही चावला असेल. आणि चूक कुणाचीही होते, माझीही झालीय. राग कशाचा यायला हवा सांगू? ओठ उचलून बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी बघत नाही."

मग न विचारता त्यांनी एका कागदावर खर्च लिहून दिला: भूल, रक्ताची तपासणी, औषधं, दाढेचे तुकडे करून काढण्याचं काम. खाली लिहिलं, वय नऊच्या पुढे, भुलेत धोका आहे. तोही तोंडी समजावून सांगितला. यंत्रं जुनी आहेत हेही सांगितलं. आणि म्हणाल्या, घरी जाऊन विचार करा, शुक्रवारी या. सगळं मिळून काकांची आठ-दहा दिवसांची कमाई. तिकडे नुसत्या दारात पाऊल टाकायला याच्या निम्मे पडत होते.

शुक्रवारी दोन तास आम्ही तिघं आतल्या खोलीच्या दारापाशी. ताईने हातरुमालाचा पिळून दोर केला. काका दाराच्या फटीतून आत बघत होते. त्यांना कुणी हटकलं नाही. बाईंनी दाढ तीन तुकड्यांत बाहेर काढली आणि कागदावर ठेवून काकांच्या हातात दिली. काकांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, एकेक तुकडा फिरवून पाहिला. मुळं टोकापर्यंत अख्खी होती.

"हात साफ आहे," ते म्हणाले. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या कामाला त्यांनी असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

चावीला दोन्ही डोळे आहेत. डाव्यातून थोडं पाणी येतं. लेथ गेलं ते गेलंच. आसाचं काम आलं की काका आता नाही म्हणून सांगतात आणि ताई मशीनवरून मान वर करत नाही. भाच्याने त्या दवाखान्याचा एक तारा कमी केला म्हणे. केवढा मोठा क्रांतिकारक! आणि काचेपुढे गाड्यांची रांग कालही होती, त्यातली एक आमच्याच गल्लीतल्या बाईची, जिने ही सगळी गोष्ट नाक्यावर उभं राहून माझ्या तोंडून ऐकली होती.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. जनावर आजारी पडलं की तुमची अक्कल पळते, हे मी पाहून घेतलंय. तर ते धडधाकट असताना, याच आठवड्यात, त्याला घेऊन दोन डॉक्टरांकडे जा, एक काचेचा आणि एक शेडमधला. नुसतं तपासायला सांगा आणि हात कुठे कुठे फिरतो ते बघा. तोंड उघडून बघतो का, बघा. विचारा: मोठं दुखणं निघालं तर आधी खर्च लिहून द्याल का? दुसरीकडे दाखवायचं म्हटलं तर कागद द्याल का? जो हसून टाळेल त्याच्या सोफ्यावर पुन्हा बसू नका. लाज वाटली तर घरी येऊन वाटू द्या, पण तिथे उभं राहून विचारा.