भिंतीतून गेलेला चेंडू

विटा फोडायचा एक साधा खेळ मी कॉम्प्युटरवर लिहितेय. चेंडू भिंतीवर आपटतो आणि परत येतो, एवढंच. आज वेग वाढवला आणि चेंडू भिंतीतून सरळ आरपार गेला. आधी वाटलं, भिंतच लिहायची राहिली. पण भिंत होती. कॉम्प्युटर चेंडूकडे सलग बघतच नाही, थांबून थांबून बघतो. एका नजरेला चेंडू अलीकडे होता, पुढच्या नजरेला पलीकडे. मधे काय झालं, ते त्याच्या गावीही नाही.

मी घाईने मान वर करून समोरच्या खोलीत पाहिलं. बाथरूममध्ये घसरून पडल्यापासून बाबा तिथे खुर्चीत बसून असतात. काठीशिवाय उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मला वाटायचं, माझं सारखं लक्ष असतं.

"किती वेळा बघशील गं?" बाबा हसले. "मी कुठं पळून चाललोय?"

मीही हसले आणि चेंडूचा वेग कमी केला. आता तो भिंतीला आपटून शहाण्यासारखा परत आला.

मान वर केली. खुर्ची रिकामी होती. काठी तिथेच टेकवून ठेवलेली होती.