मोडीतली भांडी, ऑनलाइन बोली

गिऱ्हाईक दुकानात येऊन डोकं खातं, तेव्हा निदान त्याचं तोंड तरी दिसतं. इंटरनेटवरचं गिऱ्हाईक न दिसता डोकं खातं. चार दोस्त चहाला बसले की मी एक किस्सा सांगतो, त्यातून दुसरा निघतो, आणि चहा गार होऊन जातो. हसणारे हसतात. मला आता हसू येत नाही, नुसतं थकायला होतं.

आमचं बीडमध्ये भांड्यांचं दुकान. वडलांच्या काळात ते तांब्यापितळेवर चालायचं. मग स्टील आलं, नॉनस्टिक आलं, प्लास्टिक आलं, आणि लोक घरातले हंडे-घागरी मोडीत घालून डबे न्यायला लागले. मागच्या खोलीत मोडीचा ढीग छताला टेकला. माझा दोस्त संतोष बसस्टँडजवळ सायबर कॅफे चालवायचा. तो म्हणला, "हे वितळवायला देतो कावून बे? इंटरनेटवर लिलाव चालतोय. मोठ्या शहरातले लोक असला माल हॉलमधी मांडून ठेवत्यात." झालं, उघडलं खातं. आपण फोटो टाकायचा, लोकांनी बोली लावायची, जास्त बोलीवाल्याला कुरिअर करायचं.

माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या मनात गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं चाललं होतं. तो म्हणला, "तुझं इंटरनेट चालतंय तवर चालव. ते बंद पडलं की शटर खाली." आणि साईटचा नियम असा की गिऱ्हाईक नाराज झालं की लाल शेरा देणार. तीन लाल शेरे पडले की खातं कायमचं बंद. म्हणजे वडलांचं दुकान कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मूडवर उभं होतं.

*

सुरुवातीलाच एक पाणी तापवायचा बंब बंगलोरच्या साहेबांनी घेतला. माल पोचला त्याच दिवशी फोन. "तुम्ही फुटका पीस पाठवलाय. वरून पाणी ओतलं ते सगळं खालून गेलं. माझा गालिचा भिजला."

"साहेब, कुठून ओतलं?"

"मधल्या नळकांड्यातून."

"त्यात निखारे घालायचे असतात, साहेब. पाण्याचं तोंड बाजूला आहे."

साहेब म्हणाले, "हे तुम्ही फोटोखाली लिहायला पाहिजे होतं."

बरं बाबा. पुढच्या बंबाच्या फोटोखाली मी संतोषकडून इंग्रजीत लिहून घेतलं, मध्ये निखारे, बाजूला पाणी. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा प्रश्न आला, "निखारे सोबत पाठवता का?"

*

नांदेडच्या एका भावानं पितळी हंड्यावर सगळ्यांना मागं टाकून बोली जिंकली. लगेच फोन केला, "हां, आता फायनल किती?"

म्हणलं, "भाऊ, फायनल तुमीच ठरवलंय. बोली तुमचीच हाय की."

"ती त्या दुसऱ्याला हरवायला लावलती. आता आपल्या दोघात बोला."

अर्धा तास झाला तरी माणूस ऐकंना. शेवटी त्याच्या समाधानासाठी हंड्यात एक तांब्याचा पेला फुकट टाकून दिला. हंड्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. पेल्याला पोचा हाय म्हणून लाल शेरा दिला.

*

दुसरा लाल शेरा कलकत्त्याच्या बाईंचा. त्यांनी पैसे भरले आणि मेलवर विचारलं, मिळाले का. इकडं आमच्याकडं लोडशेडिंग. लाईट येती तर नेट जातं, नेट येतं तर लाईट जाती. उत्तर गेलं दोन दिवसांनी. मी खरं कारण लिहिलं. बाईंनी कळवलं, "एवढा वेळ कुठंच लाईट जात नाही. निदान बहाणा तरी बरा शोधा."

संतोष म्हणला, "बाईला बीडला बोलव. आठवडाभर मुक्कामाला ठिव." मला दादाचं तोंड दिसायला लागलं होतं.

*

आता रशीदभाईंचं सांगतो. भांड्यावर नाव घालून न्यायची आपल्याकडं पद्धतच. लग्नाचा हंडा म्हणलं की त्यावर नवरीचं नाव, खाली मामाकडून का मावशीकडून ते. आमच्या पायरीवर बसून बारीक छिन्नीनं टिंबटिंब मारत हे काम रशीदभाई करायचे. तांब्यापितळेचं गिऱ्हाईक आटलं तसं त्यांचंही काम आटलं. मग इंटरनेटच्या मालाला चिंच लावून पॉलिश करायचं मी त्यांच्याकडं दिलं.

त्यांनी एक समई अशी लख्ख केली की बघत राहावं. दिल्लीच्या गिऱ्हाइकानं परत पाठवली. का, तर म्हणे जुनी सांगून नवी दिली. रशीदभाईंनी ती आठ दिवस चुलीवर धुरात धरून काळी केली. तीच समई दुसऱ्याला पाठवली. त्यानं विचारलं, "जरा पुसून पाठवता येत नाही का?"

*

पण सगळ्यात जास्त तक्रारी नावांच्या. इंदूरच्या एक बाई म्हणाल्या, सासूबाई दुसऱ्याच्या नावाच्या भांड्याला हात लावत नाहीत. पुण्याच्या एकांनी विचारलं, ह्या मेलेल्या बाई आहेत का जिवंत? आता मोडीत आलेल्या भांड्याचं मी काय सांगू? एकानं तर नावाला 'ओरखडे' म्हणून भाव पाडून मागितला.

शेवटी मी कंटाळलो. ठरवलं, नावाचं भांडं विकलं गेलं की पाठवायच्या आधी नाव घासून टाकायचं, तेही फुकट. रशीदभाईंना सांगितलं. ते कानस हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "नाम डालने में उमर गई, अब मिटाने पे लगा दिया तुमने." मी म्हणलं, "काय करू भाई, गिऱ्हाईक मागतंय." तेव्हापासून महिना-दोन महिने एक तक्रार नाही. मला वाटलं, सुटलो.

*

मग परळीहून फोन आला. थर्मलला, म्हणजे वीजकेंद्रात, नोकरी करून रिटायर झालेले एक काका. त्यांच्या पोरानं त्यांना आमच्याकडून आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ घेऊन दिलतं.

"फोटोत नाव होतं. सौ. यमुनाबाई. ते कुठं गेलं?"

मी खुशीत सांगितलं, "काढून टाकलं, काका. त्याचं येगळं काही लावलं न्हाई."

"तुमाला कुणी सांगितलं काढायला?"

म्हणलं, दुसरं घंगाळ देतो. नको. पैसे परत देतो. नको. "नाव पायजे," एवढंच. पोराला सांगून त्यांनी साईटवर तक्रार टाकलती. साईटवाले आठवडाभर थांबतात, तेवढ्यात मिटलं नाही की लाल शेरा. तिसरा.

दादाला कळलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवाला टेप घेऊन गाळा मोजून गेला. काउंटर कुठं येणार ते त्यानं माझ्यासमोर खडूनं आखलं.

आणि दोन दिवसांनी काका स्वतःच एसटीनं आले. पोत्यात घंगाळ. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "होतं तसं करून द्या."

रशीदभाईंनी संतोषकडून फोटो छापून आणला, छिन्नी काढली. मला वाटलं, आईचं भांडं असणार, फोटोत ओळखलं असणार. म्हणलं, "काका, चुकलं आमचं. आईची वस्तू होती, आमाला काय माहीत."

"ही माझी आई न्हाई."

"मग?"

"आमच्या आईचं घंगाळ मीच मोडीत घातलं. नवं घर बांधलं तवा. त्याच्यावर स्टीलचा डबा मिळाला. ती काय बोलली न्हाई."

रशीदभाईंनी छिन्नी थांबवली. "तो फिर अम्मा का नाम डालूं क्या?"

"नको. हे ह्या बाईचं हाय. हिचंच घाला."

टिंबटिंब करत नाव पुन्हा उमटलं. काकांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, माझ्याच फोनवरून पोराला सांगितलं, "मिटलं म्हणून लिव्ह. तक्रार काढून घे." दारात दादा उभा होता. तो खडूच्या रेघांकडं बघत राहिला आणि मग पायानं त्या पुसायला लागला.

घंगाळ पोत्यात घालताना काकांनी विचारलं, "ह्या यमुनाबाई कुठल्या?"

"चौसाळ्याकडच्या मोडीत आलतं, काका. चौकशी करू का?"

"नका करू," ते म्हणाले आणि पोत्याला गाठ मारली. "तिचा पोरगा मागायला आला तर मला द्यावं लागंल."